धूरमास्तरांची नात

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
मिरीचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र पाठवते आहे म्हणून दचकू नका, बाळ जिवंत आहे. पण काल फोनवर तुम्ही इतक्या जोरात बोललात की दवाखान्यात बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्या आईबापांना आपल्या घरच्या भानगडी कळल्या, आणि नर्सने येऊन मला फोन बंद करायला लावला. तसंही फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो, त्यामुळे आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना सगळं समजतं. वर्तमानपत्रांची गाडी सकाळी इकडे गठ्ठे टाकते आणि परत जाताना तुमच्या गाड्यांच्या धूर तपासणी केंद्रावरून जाते. तिच्या ड्रायव्हरने आपली पत्रं न्यायची-आणायची कबूल केलं आहे. कृपा करून त्याच्या गाडीचा धूर तपासू नका.

जन्मली तेव्हा रडली नाही आणि निळी पडली, एवढं आईने सांगितलंच असेल. पुढचं डॉक्टरबाईंनी मला चित्र काढून समजावलं, तसं सांगते. पोटात असताना बाळाला फुप्फुसांचं काही काम नसतं, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मल्यावर पहिल्या श्वासाला त्या सैल व्हायच्या. आपल्या या छोट्या बाईंच्या झाल्याच नाहीत. रक्त फुप्फुसांपर्यंत पोचत नाही, बाहेरच्या बाहेर वळसा घालून जातं. मग व्हेंटिलेटरने कितीही ऑक्सिजन आत ढकला, तो उचलायला रक्तच तिथे नाही. पहिला दिवस आम्ही दोघांनी कसा काढला ते विचारू नका. मला वाटलं होतं, ही काही राहत नाही.

आता खाली बसा आणि मग पुढचं वाचा. डॉक्टरबाईंनी तिला श्वासातून एक वायू सुरू केला आहे. तो फुप्फुसात जातो, तिथल्याच रक्तवाहिन्या सैल करतो आणि रक्तात मिसळल्याबरोबर निकामी होतो. त्याचं नाव नायट्रिक ऑक्साइड. होय बाबा, तोच. लोकांच्या घरी मुलांना बागुलबुवाची भीती घालायचे, आपल्या घरी या वायूची घालत होते, त्यामुळे डॉक्टरबाईंच्या तोंडून नाव ऐकलं तेव्हा मी त्यांना ते दोनदा उच्चारायला लावलं. पण प्रमाण ऐका. हवेच्या दहा लाख भागांत याचे फक्त वीस. आम्ही दोघांनी सह्या केल्या. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे.

आणि तासाभरात, बाबा, वांग्यासारखी होती ती माणसासारखी दिसायला लागली. मी पहिल्यांदा तिच्या कानाचा खरा रंग पाहिला. नर्स तिला महाराणी म्हणते, कारण ती स्वतः काही करत नाही आणि तिच्या दिमतीला दोन यंत्रं आणि तीन माणसं कायम उभी असतात.

तुम्ही येऊ नका. आलात तर तुमचं धूर मोजायचं यंत्र आणू नका. आशीर्वाद तेवढा पाठवा, तो कितीही आला तरी हवाच आहे.

आपली,
मिरी


५ फेब्रुवारी

चि. सौ. मिरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. मजकूर समजला. मजकूर पटला नाही.

ज्या वायूशी मी उभे आयुष्य झगडलो, तोच माझ्या नातीच्या नाकात सोडण्यात आला आहे, आणि हे मला सह्या झाल्यावर कळवण्यात येते. या रस्त्यावर मला धूरमास्तर म्हणतात ते उगाच नव्हे. या वायूपायी मी नगराध्यक्षांची गाडी नापास केली. अग्निशामक दलाचा बंब नापास केला. (बंब त्या वेळी आगीकडे निघाला होता, हा मुद्दा लोकांनी विनाकारण फुगवला.) माझ्या केंद्राच्या भिंतीवर तक्ता आहे. त्यात हा वायू लाल रंगात आहे. लाल रंग मी स्वतः दिला आहे.

काही गोष्टी तिथल्या डॉक्टरबाईंना विचारून लगेच कळव. हा वायू कोणत्या गाडीचा आहे? डिझेलचा की पेट्रोलचा? गाडीची शेवटची तपासणी कधी झाली आणि कोणी केली? यंत्राची सुई बरोबर आहे हे कोण पाहतो? दहा लाखांत वीस ही बोलायची गोष्ट झाली, माझ्या यंत्राने दाखवले तर मी मानीन. जावईबापूंना सांग की त्यांनी खोलीच्या खिडक्या उघडून ठेवाव्यात. आणि त्यांना हेही सांग की सही करण्याआधी माणूस दोन वडीलधाऱ्यांना विचारतो.

वर्तमानपत्रांची गाडी मी तपासली नाही. ती माझ्या केंद्रासमोर उभी होती, नळी माझ्या हातात होती, आणि नळी आत गेली. गाडी नापास झाली. तरी पत्र तिच्याबरोबरच देत आहे, कारण दुसरी जी मिळाली ती हिच्याहून वाईट निघाली.

मिरे, मला भीती वाटते आहे. एवढी वर्षे ज्याला मी विष म्हणत आलो ते विष नसेल तर बरेच आहे, माझी काही हरकत नाही. पण असेल तर काय करायचे, हे मला कोणी सांगत नाही. उलट टपाली कळव.

तुझे,
बाबा

ता. क. (आईकडून, ते पाकीट शोधायला गेले आहेत तोवर): यांच्या लिहिण्याकडे लक्ष देऊ नकोस. दोन दिवस धड जेवलेले नाहीत. काल संध्याकाळी केंद्रात डोकावले तर यंत्र चालू करून नळी स्वतःच्या नाकाशी धरून बसले होते. मी विचारलं, काय निघालं, तर म्हणाले पास आहे. तू स्वतः वेळेवर जेव, आणि बसताना उशी घे.


७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
मिरीचा सा. न. वि. वि.

तुमचे प्रश्न मी डॉक्टरबाईंना जसेच्या तसे वाचून दाखवले. कोणत्या गाडीचा, इथपर्यंत आले आणि त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तो कुठल्याही गाडीचा नाही. कारखान्यात शुद्ध तयार करतात आणि सिलिंडरात भरतात. यंत्र त्याचं प्रमाण सतत मोजत असतं, आणि तिच्या रक्ताचे थेंबही तपासतात. खिडक्या उघडत नाहीत, त्या उघडायच्या नसतातच.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी तुमच्यासाठी जपून ठेवली आहे. हा वायू आपल्या सगळ्यांच्या शरीरात बनतो. अगदी थोडा, रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला. त्यामुळेच त्या सैल राहतात आणि रक्त फिरतं. महाराणींच्या फुप्फुसात तो पुरेसा बनत नाही, म्हणून बाहेरून द्यावा लागतो. म्हणजे बाबा, तुम्ही स्वतः जन्मभर तो वायू तयार करता आहात, आणि तेही परवान्याशिवाय.

‘जावईबापूंना सांग, त्यांना सांग’ हे आता पुरे करा. तुम्ही आमच्या लग्नाच्या सजवलेल्या गाडीच्या सायलेन्सरात नळी घातलीत, गाडी नापास केलीत आणि आम्ही गाद्यांच्या हातगाडीवर बसून घरी गेलो, तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता. एकाच खोलीत बसूनसुद्धा. आता माझ्याकडे तेवढं त्राण नाही. ते बिचारे इथे बाहेरच्या बाकांच्या गाद्या उसवून कापूस पिंजून परत भरतायत. हाताला काम नसलं की गादीवाल्याचं डोकं फिरतं, असं स्वतःच म्हणतात. बाकीच्या आईबापांनी आपापल्या बाकांसाठी रांग लावली आहे.

आता खरं सांगते. परवा वायू दहावर आणला, मग पाचावर. सगळं छान चाललं होतं, म्हणून काल डॉक्टरबाईंनी तो बंद करून पाहिला. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा जिना उतरल्यासारखा खाली आला, आणि ती पुन्हा निळी पडायला लागली. त्यांनी लगेच वायू सुरू केला. रक्तवाहिन्यांना त्याची सवय लागलेली असते, तो एकदम काढला की त्या पहिल्यापेक्षा घट्ट आवळतात. आता एकेक भाग करत उतरवणार. मी दाराची चौकट धरून उभी होते. मला नंतर बोटं सोडवता येईनात.

बाबा, आज तिचा जीव त्या वायूवर आहे. तुम्हाला आवडो न आवडो, मला तो जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा प्रिय आहे. शेजारच्या मुलालाही तोच चालू आहे, त्यामुळे सिलिंडर भराभर संपतात आणि कंपनीची गाडी नवे घेऊन येते. मी दिवसभर त्या सिलिंडरावरच्या काट्याकडे बघत असते.

येऊ नका, हे पुन्हा लिहिते. माया मात्र कमी करू नका.

आपली,
मिरी


८ फेब्रुवारी

चि. मिरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे निघाले. तुझं पत्र वाचून झालं, चष्मा ठेवला आणि यंत्र उशीच्या अभ्र्यात घालून उभे राहिले. मी म्हटलं, तिने येऊ नका असं लिहिलंय. तर म्हणाले, तिने जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा प्रिय असं लिहिलंय, म्हणजे पोरीवर धुराचा परिणाम झालेला आहे.

थांब्यावर गेले आणि येईल ती गाडी तपासत बसले. एकही पास होईना. गाडीवाले आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी यांना बघून गाडी थांबवायचंच सोडलं. शेवटी पाण्याच्या बाटल्या वाहणारी एक बॅटरीवरची तीनचाकी आली. तिला सायलेन्सरच नाही. हे तिच्यामागे वाकून बराच वेळ नळी घालायला जागा शोधत होते म्हणे. मग बाटल्यांवर बसून गेले.

हे पत्र मी पेपरवाल्याबरोबर देते आहे. तो यांच्या आधी पोचेल की मागून, देव जाणे. जावयांना सांग, म्हाताऱ्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. नातीला बघितलं नाही म्हणून कासावीस झाले आहेत, बाकी काही नाही. ते तसं म्हणणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुमचं सगळ्यांचं बरं होवो, एवढंच मागते.

आई


१० फेब्रुवारी

ती. सौ. आईंस,
जावयाचा सा. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही. मिरी आत बाळाजवळ आहे, आणि मामा जे काही सांगतील त्याआधी तुम्हाला खरं कळावं असं ती म्हणाली, म्हणून लिहितो. बाळ ठीक आहे, हे पहिलं.

मामा काल सकाळी आले. यंत्र घेऊन वॉर्डात जायचं म्हणाले. रखवालदाराने सांगितलं की माणूस हात धुऊन जाऊ शकतो, यंत्र जाऊ शकत नाही. मामा म्हणाले, मग मीही जात नाही. तो भला माणूस, त्याने फाटकापाशी खुर्ची दिली. आता मामांच्या हातात यंत्र, समोर फाटक आणि फाटकातून गाड्या. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मामांचा आवाज असा आहे की रखवालदाराला वाटलं, हे वरून आलेत. त्याने स्वतःची शिट्टी यांना दिली. डॉक्टर लोक इतके दमलेले असतात की गाडी मागे घ्या म्हटल्यावर घेतात. हाडांचे एक मोठे डॉक्टर नापास झाले, त्यांनी सॉरी म्हणून गाडी रस्त्यापलीकडे लावली. रुग्ण असलेल्या रुग्णवाहिका मात्र मामा तपासणीशिवाय सोडत होते, बंबाच्या प्रकरणातून तेवढं शिकले आहेत. दुपारपर्यंत फाटकाबाहेर नापास गाड्यांची रांग लागली होती आणि आत वाहनतळ रिकामा होता.

मी हे सगळं वरच्या खिडकीतून पाहत होतो. खाली जाऊन थांबवायला हवं होतं. पण मामांशी बोलायचं म्हणजे मिरीला सांगावं लागतं, आणि मिरी झोपली होती.

मग डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच माझी पाचावर धारण बसली. आपल्या बाळाचा सिलिंडर संपत आला होता, राखीव होता तो सकाळीच शेजारच्या मुलाला जोडला होता. त्यांनी कंपनीला फोन केला तर कंपनी म्हणाली, गाडी केव्हाच पोचली आहे, पण तुमच्या फाटकावरच्या अधिकाऱ्याने ती नापास करून परत पाठवली.

आई, मी जिन्यावरून कसा उतरलो ते मला आठवत नाही. मामा खुर्चीत बसले होते, खुशीत होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखी मान वळवली आणि रखवालदाराला म्हणाले की जावईबापूंना सांगा, आजचा सगळ्यात मोठा आकडा बघा, नायट्रिक ऑक्साइड एवढा निघाला की सुई टोकाला जाऊन टेकली. मी रखवालदाराला काही सांगितलं नाही. मी मामांच्या पुढ्यात उभा राहिलो आणि त्यांनाच सांगितलं की त्या गाडीत आपल्या पोरीचा वायू होता.

त्यांचा चेहरा पाहवेना. मग उठले आणि रखवालदाराकडे बघून म्हणाले की मी त्याला कोपऱ्यावरच्या गॅरेजात जायला सांगितलंय. आणि पळत सुटले. या वयात मामा पळतात हे मला माहीत नव्हतं.

गॅरेजात गाडी होती, पण तिचा सायलेन्सर खाली जमिनीवर होता आणि इंजिनाचे भाग बादलीत होते. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी सांगितलं होतं की सगळं खोलून साफ केल्याशिवाय तोंड दाखवू नको. मामांनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मिस्त्री गाडीखाली झोपायला चाकांची फळी वापरतात, ती भिंतीला टेकून होती. आम्ही सिलिंडर तिच्यावर आडवा ठेवला. बांधायला दोरी मिळेना. मामांनी यंत्राची नळी उपसून काढली आणि तिनेच सिलिंडर फळीला करकचून बांधला. नळी आता कामातून गेली आहे.

मग आम्ही निघालो. मी मागून ढकलत होतो, मामा पुढे वाकून ओढत होते आणि तोंडात शिट्टी. इकडून धरा, असं मला म्हणाले. खड्डा आहे, म्हणाले. तिला धक्का लागू देऊ नका, असंही म्हणाले. सिलिंडराला ते ‘तिला’ असं म्हणत होते. लग्नानंतर माझ्याशी थेट बोललेले हे त्यांचे पहिले शब्द, म्हणून मला पाठ आहेत. भर रस्त्यात गाड्या थांबल्या. मामांनी नापास केलेल्या रांगेतली माणसं उतरून फळीला हात लावायला आली. हाडांचे डॉक्टरही आले, फाटकाच्या उंबरठ्यावरून फळी त्यांनीच उचलून पार करून दिली.

वर डॉक्टरबाई लिफ्टपाशीच उभ्या होत्या. जुना सिलिंडर तोवर संपला होता. नर्स हाताने फुगा दाबत बाळाला श्वास देत होती आणि आकडा उतरायला लागला होता. नवा जोडला. सगळे पडद्याकडे बघत होते, मी पडद्याकडे बघणाऱ्या मिरीकडे बघत होतो. तिचे खांदे सैल झाले तेव्हा मला समजलं की आकडा वर आला.

मामा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. मला वाटलं, आता डॉक्टरबाई त्यांना फाडून खातील. त्यांनी फक्त हात धुऊन आत या म्हटलं. मामा आत गेले. पहिल्यांदाच पाहिलं त्यांनी तिला. मग यंत्रावरचा वायूचा आकडा वाचला आणि डॉक्टरबाईंना हळूच विचारलं, की एवढ्याने पुरतो ना तिला, का थोडा वाढवता येईल.

आम्ही बरे आहोत. तुमच्या जावयावर लोभ असू द्या. कळावे.

आपला,
गादीवाला


१३ फेब्रुवारी

चि. सौ. मिरीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तू मला घरी पाठवलेस ते योग्य केलेस असे तुझी आई म्हणते. माझे मत निराळे आहे. डॉक्टरबाईंनी वायू चारावरून तीनावर आणला तेव्हा मी फक्त विचारले की घाई कशाला. तीनावरून दोनावर आणला तेव्हा यंत्राच्या खुंटीवर मी हात ठेवला हे खरे, पण फिरवली नाही. नर्स उगाच ओरडली. एवढा चांगला वायू, तिला मानवतो आहे, मग तो काढून घ्यायची एवढी ओढ का, हे मला अजूनही कोणी पटवून दिलेले नाही.

भिंतीवरच्या तक्त्यासमोर आज बराच वेळ उभा होतो. लाल रंग खरवडून काढावा असे वाटले. मग एक ट्रक आला, त्याच्या धुराने मला खोकला आला, आणि लाल राहू दिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात हे मला या वयात शिकावे लागते आहे. तुझी आई म्हणते, औषधाचे असेच असते. मग हे मला चाळीस वर्षांत एकदाही का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, सांगितले होते, तेव्हा यंत्र चालू होते.

एक गोष्ट डॉक्टरबाईंना विचारायची आहे. तूच विचार, माझे नाव घालू नकोस. तू लिहिले होतेस की हा वायू प्रत्येकाच्या शरीरात बनतो. माझ्या शरीरात या वयात कितीसा उरला असेल, पण असेल तो तिला देता येतो का? रक्त देतात तसा. मला त्याचे फारसे काम नाही. केंद्रात बसूनच असतो. नाही म्हणाल्या तरी चालेल, पण विचार.

मी डोळे मिटले की तो आकडा दिसतो. दोन. दोनाचे शून्य करतील तेव्हा तू तिच्याजवळ राहा. जावईबापूंचा हात धर. त्यांचा हात भक्कम आहे, हे मी फळी ओढताना पाहिले आहे. त्यांना वेगळे पत्र लिहीत आहे, त्यामुळे त्यांना सांग असे इथे काही लिहीत नाही.

तुम्हा तिघांवर लोभ आहेच, तो मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नाही.

तुझे,
बाबा


१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
मिरीचा सा. न. वि. वि.

तुमचं नाव न घालता विचारलं. डॉक्टरबाईंनी लगेच ओळखलं. या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, तसं करता येत नाही, आणि ज्याचा त्यालाच बनवावा लागतो. मग थोडं थांबून म्हणाल्या की तिचं फुप्फुस आता ते शिकतं आहे.

परवा सकाळी दोनाचा एक झाला. दुपारी एकाचा अर्धा. आणि काल त्यांनी खुंटी शेवटपर्यंत फिरवली. मी यांचा हात धरला होता, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, आणि यांनी माझा इतका जोरात धरला की नर्स नंतर माझ्याच बोटांना काही लावत होती. आकडा उतरला, बाबा. थोडा उतरला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. डॉक्टरबाई काही करेनात. नुसत्या हाताची घडी घालून उभ्या. मला त्यांना हलवावंसं वाटलं. मग आकडा थांबला. तिथेच डुगडुगला. मग एकाने वर गेला, आणि आणखी एकाने, एखादी म्हातारी बाई कठडा धरून पायऱ्या चढते तसा. संध्याकाळपर्यंत वायूचं यंत्र ढकलत नेलं आणि खोलीत एकदम जागा झाली. मला ते जाताना बघून चक्क वाईट वाटलं. मी त्याला हात लावून नमस्कार केला, कोणाला सांगू नका.

आज दुपारी व्हेंटिलेटर काढला. घशातली नळी काढली आणि आम्ही सगळे उभे. तुम्हाला माहीत नसेल, मलाही माहीत नव्हतं, ती नळी घशात असली की बाळाचा आवाज येत नाही. इतके दिवस ती रडायची तेव्हा तोंड उघडायचं, नाक लाल व्हायचं, पण आवाज नाही. जन्मली तेव्हाही रडली नव्हती. म्हणजे आम्ही कोणी तिचा आवाज ऐकलेलाच नव्हता.

नळी निघाली. ती गप्प. नर्सने पाठीवरून हात फिरवला. ती गप्प. मग तिने तोंड वाकडं केलं आणि एक आवाज काढला, घोगरा, बारीक, चिरका, गंजलेल्या बिजागरीसारखा. आणि मग पुन्हा. आणि मग बाबा, ती जी सुटली ती थांबेचना. शेजारच्या मुलाचे वडील दारात येऊन उभे राहिले. झाडूवाली बाई झाडू टेकून उभी राहिली. डॉक्टरबाई पाठ करून खिडकीतून बाहेर बघत होत्या, तिथे बघण्यासारखं काही नाही. हे जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले, आणि तिचा आवाज यांच्यापेक्षा मोठा होता.

नर्स तिला उगी उगी म्हणायला लागली, तर मीच तिला थांबवलं. मला अजून ऐकायचं होतं. आत्ता लिहिते आहे तेव्हाही रडतेच आहे, अधूनमधून. फार वाईट आवाज आहे. तुमच्यावर गेली आहे.

आशीर्वाद घेऊन या. आता येऊ नका असं लिहीत नाही.

आपली,
मिरी


१८ फेब्रुवारी

चि. सौ. मिरीस आणि चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र केंद्रावरच मिळाले. समोर गाड्या उभ्या होत्या. मी मोठ्याने वाचले, म्हणजे तुझ्या आईसाठी वाचले, पण आवाजाचे माझे तुला माहीत आहे. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले. आवाज चिरका आहे, इथपर्यंत आलो आणि पुढे वाचता येईना. तुझ्या आईने पत्र माझ्या हातातून घेतले, तिलाही वाचता येईना. शेवटी वर्तमानपत्राच्या गाडीच्या ड्रायव्हरने पुरे केले. त्याने छान वाचले.

गाड्या तशाच सोडल्या आणि केंद्राला कुलूप लावले. तुझी आई पिशवी भरते आहे, मला मधेच हाका मारते आहे आणि स्वतःच रडते आहे. आम्ही दोघे निघतो आहोत. वाटेत कुठे थांबणार नाही. पुढ्यात आलेल्या पहिल्या माणसाच्या हाती हे पुढे धाडतो आहे, म्हणजे आमच्या आधी पोचेल.

डॉक्टरबाईंना आणि परिचारिकांना माझा साष्टांग नमस्कार सांग. जावईबापूंनी तिच्या पाळण्याला गादी स्वतःच्या हाताने भरावी, मऊ नको, थोडी टणक बरी.

आणि मिरे, एवढे एक ऐक. आम्ही पोचेपर्यंत तिला कोणी गप्प करू नये.

तिचा,
आजोबा